वृद्धाश्रमातील शुश्रूषा सुधारण्यासाठी इन्चार्ज सिस्टरने काय करावे

विदर्भातील तालुक्याच्या गावी असलेल्या वृद्धाश्रमात अनेकदा एकच प्रशिक्षित परिचारिका असते आणि अंग पुसणे, भरवणे, कूस बदलणे ही कामे मावश्या व मामा करतात. त्यामुळे मावशीला जे दिसते ते वेळेवर आपल्यापर्यंत पोहोचेल अशी रीत बसवणे, हे इन्चार्ज सिस्टरचे पहिले काम होय.

सुरुवातीला एकच विषय हाती घ्यावा. माझ्या मते तो शय्याव्रणाचा, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्याने दाब येऊन होणाऱ्या जखमेचा असावा. खाटेला खिळलेल्या प्रत्येकाचे माकडहाड, खुबे आणि टाचा आंघोळीच्या वेळी मावशीसोबत पाहाव्यात. लाल डाग बोटाने दाबून सोडल्यावर फिका पडत नसेल, तर ती जखमेची पहिली पायरी समजावी. सावळ्या कातडीवर मात्र लाली सहसा दिसत नाही, म्हणून ती जागा भोवतालपेक्षा गरम, गार, कडक किंवा मऊ लागते का, हे हाताने चाचपावे. अशा जागी तेल लावून चोळण्याची आपल्याकडची सवय मोडावी, कारण त्याने नाजूक झालेली कातडी अधिक दुखावते. सर्वसाधारणपणे दर 2 तासांनी कूस बदलावी आणि टाचा अधांतरी राहतील अशी उशी पोटऱ्यांखाली ठेवावी.

कूस बदलल्याची वेळ लिहायच्या रजिस्टरात रात्रीचे सगळे रकाने सकाळी एकाच शाईत, एका दमात भरलेले दिसले, तर त्यावर विसंबू नये. तरीही मावशीला चारचौघांत बोलू नये, नाहीतर पुढची जखम लपवली जाईल. रात्री ती एकटीच होती का आणि जड अंगाच्या आजोबांना एकटीने वळवणे तिला शक्य होते का, हे आधी विचारावे.

एप्रिल-मे महिन्यांत पारा 45 अंशांच्या घरात जातो, तेव्हा लक्ष पाण्याकडे वळवावे. म्हातारपणी तहान कमी जाणवते, शिवाय लघवीला उठावे लागू नये म्हणून काही आजी मुद्दाम पाणी टाळतात. म्हणून ठरलेल्या वेळी पाणी, ताक किंवा पन्ह्याचा पेला हातात द्यावा. ज्यांना डॉक्टरांनी पाणी मोजून दिले आहे, त्यांची यादी वेगळी ठेवावी. अंग तापून कोणी असंबद्ध बोलू लागले, तर उष्माघात समजून अंगावर गार पाणी व वारा घालावा आणि लगेच 108 ला फोन करावा.

कोणी पडले, तर ‘तोल गेला’ एवढेच न लिहिता वेळ, जागा, पायातली चप्पल आणि दिवा यांचीही नोंद करावी. अशा काही नोंदी शेजारी ठेवल्या की कूलरमधून झिरपलेले पाणी संडासाच्या वाटेवरील फरशीवर येते, अशासारखे कारण हाती लागते. मग आजीला बजावत न बसता कूलरच हलवावा.

दर महिन्याला नव्या जखमा आणि पडण्याच्या घटना मोजून तो कागद विश्वस्तांपुढे ठेवावा. हवेची गादी किंवा रात्रपाळीला दुसरी मावशी यांपैकी एकच मिळणार असेल, तर मावशी मागावी, कारण गादी आली तरी कूस बदलावीच लागते.