अबोल पोरांचं दहावीत कसं होतं?

पालकसभेला एक प्रश्न हमखास येतो. "सर, आमचं पोट्टं काही बोलतच नाही, त्याचं कसं होईन?" आर्णी तालुक्यातल्या माध्यमिक शाळेत शिकवतो, म्हणून यंदा दहावी-अकरावीत गेलेल्यांना आणि त्यांच्या आईबापांना सांगतो: बोलकं असणं आणि मार्क मिळणं यांचा मोठ्या वर्गांत फारसा संबंध नाही.

हे माझं एकट्याचं मत नाही. आर्थर पोरोपॅट या ऑस्ट्रेलियातल्या संशोधकानं २००९ साली स्वभाव आणि शैक्षणिक यश यांवरचे कितीतरी अभ्यास एकत्र तपासले. काही बाबतींत विद्यार्थ्यांची संख्या ७० हजारांच्या वर होती. प्राथमिक शाळेत बोलक्या मुलांना थोडा फायदा दिसला, हायस्कुलात तो जवळपास उरला नाही. सगळीकडे टिकला तो एकच गुण, नेमानं काम करण्याचा. म्हणजे ठरलेलं वेळेवर करणं, हाती घेतलेलं अर्धवट न टाकणं. आणि हा गुण बुद्धीवर फारसा अवलंबून नसतो, हे मला त्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं.

आपल्याकडे या नेमाची खरी परीक्षा दिवाळीच्या आसपास लागते. कापूस फुटतो, वेचणीला माणसं मिळत नाहीत, पोरंही वावरात जातात. जायला हरकत नाही, घरची गरज असते. पण त्या दिवसांत वही पूर्ण बंद राहिली की दिवाळीनंतर बीजगणित नव्यानं सुरू करावं लागतं. वेचणीवरून आल्यावर हातपाय धुऊन दोनच गणितं सोडवणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. रोज दोनच, पण चुकवायची नाहीत. त्यातल्या काही वर्गात वर्षभर तोंड उघडत नाहीत आणि निकालात मात्र पुढे असतात.

अबोल मुलांचं नुकसान होतं ते वेगळ्या ठिकाणी. दहावीला भाषेच्या विषयांत लेखी ८० आणि उरलेले २० तोंडी व अंतर्गत कामाचे. तोंडीला घसा कोरडा पडत असेल तर उतारा घरी आजीला मोठ्यानं वाचून दाखवा, रोज. वर्गात शंका विचारायला जमत नसेल तर चिठ्ठीवर लिहून मधल्या सुट्टीत शिक्षकांना द्या. शिक्षक रागावत नाहीत, उलट त्यांना बरं वाटतं.

बोलक्यांची अडचण उलटी. समाजमंदिरात पाच जण अभ्यासाला बसतात नि रात्री नऊपर्यंत गप्पाच होतात. एकमेकांना प्रश्न विचारा, पण उत्तर आधी प्रत्येकानं लिहून काढायचं.

मोबाइलवरच्या, स्वभावाचे सोळा प्रकार सांगणाऱ्या चाचणीतून 'मी अमुक टाइपचा' असं ठरवून कुणी विषय सोडू नये. काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली तर बऱ्याच जणांचा प्रकार बदलतो. त्यावर विज्ञान की कला हे ठरवणं मला मुळीच पटत नाही.

अकरावीला यवतमाळ किंवा अमरावतीला खोली करून राहणार असाल तर तिथे उठवायला आई नसते. बारावीला भौतिकशास्त्राचे ३० गुण प्रात्यक्षिकाचे असतात. प्रयोग केला त्याच आठवड्यात जर्नल लिहून सही घ्यायची सवय अकरावीतच लावा.