वृद्धाश्रमातील सेवकांनी आणि चालकांनी या चुका टाळाव्यात

वृद्धाश्रमात किंवा घरी अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा करणाऱ्यांच्या हातून ज्या चुका होतात, त्यांतील फार थोड्या क्रौर्यातून होतात. बहुतेक पाळी वेळेत उरकण्याच्या घाईतून आणि काही तर चक्क मायेतून होतात. एका पाळीत दोन मावश्या आणि अठरा अंथरुणे असली, की कोणाची अंघोळ किती वाजता आणि कोणी कधी झोपायचे हे त्या माणसाची गरज नव्हे, तर घड्याळ ठरवू लागते. अशा ठिकाणी ‘प्रेमाने वागा’ असा फलक लावून काही साधत नाही. चूक कामाच्या कोणत्या अडचणीतून आली, ते शोधावे लागते. मी काही वर्षे एका वृद्धाश्रमात पाळ्यांचे नियोजन पाहिले असून पुढे लिहिलेल्या चुकांपैकी काही माझ्या देखरेखीखालीच घडलेल्या आहेत.

हात बांधणे आणि झोपवून ठेवणे

नाकातून घातलेली जेवणाची नळी आजी पुन्हा पुन्हा ओढून काढतात, म्हणून रात्री त्यांचे मनगट मऊ पट्टीने पलंगाच्या कठड्याला बांधले जाते आणि सकाळी नातेवाईक भेटायला येण्यापूर्वी ती गाठ सोडली जाते. विचारले तर उत्तर ठरलेले असते: ‘त्यांच्याच भल्यासाठी.’ भल्यासाठी असते, तर गाठ सोडण्याची घाई झाली नसती.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधील कलम ९७ या बाबतीत नेमके बोलते. व्यक्तीला किंवा इतरांना तत्काळ इजा होण्याचा धोका टाळण्याचा दुसरा कोणताही मार्ग उरला नसेल तरच बंधन घालता येते, त्यासाठी जबाबदार मानसोपचारतज्ज्ञाची मंजुरी लागते, त्याची कारणांसह नोंद करावी लागते, नियुक्त प्रतिनिधीला चोवीस तासांच्या आत कळवावे लागते आणि शिक्षा म्हणून किंवा कर्मचारी कमी आहेत म्हणून बंधन घालता येत नाही. साखळदंडाने बांधण्यास तर कलम ९५ ने पूर्ण मनाई केली आहे. हे नियम मानसिक आरोग्य आस्थापनांसाठी असले, तरी स्मृतिभ्रंश झालेली माणसे सांभाळणाऱ्या कोणत्याही वृद्धाश्रमाने यापेक्षा सैल नियम लावू नयेत, असे माझे मत आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथील आश्रयगृहाला पहाटे आग लागली, तेव्हा साखळ्यांनी बांधलेले मनोरुग्ण पळू शकले नाहीत आणि २८ जणांचा मृत्यू झाला. मऊ पट्टीने बांधलेला माणूसही आगीत तितकाच असहाय असतो.

मग नळीचे काय करायचे? आधी नाकावरची चिकटपट्टी पाहावी, कारण पुष्कळदा तिच्याखालची कातडी लाल होऊन खाजत असते. पट्टीची जागा बदलली की हात आपोआप खाली राहतो. त्यानंतर लघवी तुंबली आहे का, पोट साफ झाले आहे का, ताप किंवा कुठे दुखणे आहे का, ऐकण्याचे यंत्र काढून ठेवल्यामुळे भोवतालचे काही कळेनासे झाले आहे का, हे क्रमाने तपासावे. म्हाताऱ्या माणसाचा अचानक वाढलेला गोंधळ हा अनेकदा मूत्रमार्गाच्या संसर्गाचा पहिला पुरावा असतो आणि तो बांधून बरा होत नाही. एवढे करूनही नळी निघत असेल, तर ती खरोखर हवी आहे का आणि तोंडाने थोडे-थोडे भरवणे सुरक्षित आहे का, हा प्रश्न डॉक्टरांपुढे ठेवावा.

औषधाच्या बंधनाला गाठ नसल्यामुळे ते कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. संध्याकाळी अस्वस्थ होणाऱ्या आजोबांना ‘डॉक्टरांनी गरज पडल्यास द्या असे सांगितले आहे’ या आधारावर रोज रात्री आठला गोळी दिली जाते; ‘गरज’ कोणाची, हे कोणी लिहीत नाही. स्मृतिभ्रंशाच्या वृद्ध रुग्णांना वर्तन आवरण्यासाठी दिल्या जाणाऱ्या काही मनोविकारविरोधी औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००५ मध्ये दिला होता. आम्ही एक साधा नियम केला: अशी गोळी देण्यापूर्वी कोणते वर्तन दिसले आणि गोळीआधी आणखी काय करून पाहिले, या दोन गोष्टी वहीत लिहायच्या. नियम लागू झाल्यावर त्या गोळ्यांचा खप लक्षात येण्याइतका उतरला.

पडल्याची वेळ बदलणे

रात्री दोन वाजता आजोबा न्हाणीघरात पडतात आणि वहीत सकाळी सहाची वेळ लिहिली जाते, कारण दोन वाजता मावशींचा डोळा लागला होता आणि ते कळले तर नोकरी जाईल, अशी त्यांना भीती असते. परंतु रक्त पातळ करणारे औषध घेणाऱ्या माणसाच्या डोक्याला मार बसला असेल, तर मेंदूतील रक्तस्राव काही तासांनीही दिसू शकतो आणि डॉक्टरांच्या दृष्टीने ते चार तास फार मोलाचे असतात. येथे मावशींइतकीच चूक व्यवस्थापनाची आहे. चोवीस तासांच्या ड्युटीवर ठेवलेला माणूस झोपणारच. त्याला झोपेसाठी बदली न देता प्रामाणिक नोंदीची अपेक्षा करणे हा दांभिकपणा आहे. पडल्याची खबर देणाऱ्याला ‘कोणाची ड्युटी होती’ हा प्रश्न पहिला विचारू नये. पहिला प्रश्न ‘डोक्याला लागले का’ हाच असावा.

मायेतून होणाऱ्या चुका

सगळ्यांना सरसकट ‘आजी’, ‘आजोबा’ म्हणणे आणि लहान मुलाशी बोलावे तसे ‘अले अले, जेवायचं ना’ असे बोलणे गोड वाटते, परंतु ज्यांना तीस वर्षे शाळेत सगळे ‘बाई’ म्हणत आले, त्यांना ते टोचते. प्रवेशाच्या वेळी ‘तुम्हाला काय म्हणू?’ एवढे विचारून अर्जावर लिहून ठेवावे. हाच न्याय उलट दिशेनेही लागतो: नातेवाईक मावशींना ‘ए, इकडे ये’ म्हणत असतील, तर संस्थेने त्यांना तेथेच अडवावे.

छायाचित्रांचा प्रश्न यापेक्षा अवघड आहे. वाढदिवसानिमित्त मिष्टान्न देणारे दाते येतात आणि थरथरत्या हातांत ताट देताना फोटो काढून लगेच व्हॉट्सॲपवर टाकतात. बालगृहातील मुलांची ओळख प्रसिद्ध करण्यास बाल न्याय कायदा, २०१५ चे कलम ७४ मनाई करते, त्यामुळे तेथे दाते थोडे बिचकतात. म्हाताऱ्यांच्या बाबतीत तो संकोच पाळला जात नाही. वृद्धाश्रमात आलो आहोत हे शेजाऱ्यांना कळू नये, असे वाटणारी पुष्कळ माणसे असतात. म्हणून फोटोसाठी आधी विचारावे, नकार आला की विषय संपवावा आणि ज्यांना प्रश्नच समजत नाही, त्यांचे उत्तर ‘नाही’ धरावे. देणगी बुडेल ही चालकांची भीती खोटी नाही, परंतु पंगतीचा किंवा इमारतीचा फोटो देऊन बहुतेक दाते समाधानी होतात.

पैशांबद्दल थोडक्यात सांगायचे, तर परिचराने रहिवाशाकडून उसने घेऊ नये, एटीएमचा पिन किंवा मोबाइलवर आलेला ओटीपी विचारू नये आणि मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करू नये. दिवाळीला कोणी पाचशेची नोट खिशात कोंबली, तर ती तोंडावर फेकल्यासारखी परत न करता कार्यालयात जमा करून वहीत लिहावी आणि नातेवाईकांना कळवावी.

‘त्यांना भ्रम आहे’

स्मृतिभ्रंशात चोरीचे खोटे आरोप होतात, हे खरे आहे आणि म्हणूनच खरी चोरी तेथे सर्वांत सुरक्षित असते. एका आजींची ‘पाकिटातले पैसे जातात’ ही तक्रार आम्ही चार महिने हसून टाळली. पुढे त्यांच्या भाचीने आग्रह धरला, म्हणून रोजच्या वहीतून त्या तक्रारीच्या तारखा काढल्या, तर प्रत्येक वेळी आदल्या रात्री एकच व्यक्ती ड्युटीवर होती. तेव्हापासून तक्रार कितीही विचित्र वाटली, तरी ती बोलणाऱ्याच्या शब्दांत, तारीख आणि पाळीसह वेगळ्या वहीत लिहिली जाते, महिन्याअखेर ती वही संस्थेबाहेरची एक व्यक्ती वाचते आणि ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या मदतवाहिनीचा क्रमांक प्रत्येक खोलीत, पलंगावरून वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात लावलेला असतो.