व्हॉल्यूम आणि पॅनचं ऑटोमेशन करताय? या चुका टाळा (मी सगळ्या करून बसलोय)

नाशिकच्या इंदिरानगरला माझी दहा बाय दहाची खोली आहे, तोच स्टुडिओ. गणपती जवळ आले की पोरं पेनड्राइव्ह घेऊन दारात उभी, "दादा गाणं झालंय, फक्त मिक्स करून द्या." प्रोजेक्ट उघडावा तर वीस-पंचवीस ट्रॅक आणि जवळपास प्रत्येकावर ऑटोमेशनच्या रेघा (गाणं वाजताना आवाज आपोआप वर-खाली किंवा डावीकडे-उजवीकडे नेणाऱ्या), नुसती सापशिडी. कशासाठी केलंय विचारलं तर म्हणतात व्हिडिओत दाखवलं होतं.

सगळ्यात जास्त डोकं फिरवणारी चूक म्हणजे बॅलन्स बसवायच्या आधीच ऑटोमेशन. गायकाचा आवाज अंतऱ्यात दबतोय, कर वर. मग ढोल दबला, तोही वर. मग गायक परत दबला. अरे पण मुळात ढोलच जास्त वाजत होता, तो 3 डीबी (डेसिबल) खाली घेतला असता तर एकही रेघ मारावी लागली नसती! माझी सवय सांगतो, पटली तर घ्या. पहिला पूर्ण दिवस ऑटोमेशनला हातच लावायचा नाही. सगळे फेडर (प्रत्येक ट्रॅकची आवाजाची सरकपट्टी) खाली, मग ढोल, मग गायक, मग बाकीचे, आणि गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच सेटिंगवर कानाला बरं लागेपर्यंत ऐकायचं. दुसऱ्या दिवशी ज्या चार-पाच जागा अजूनही टोचतात तेवढ्याच ऑटोमेट करायच्या. हे सांगितलं की पोरांचे चेहरे पडतात, कारण त्यांना संध्याकाळपर्यंत गाणं स्टेटसला टाकायचं असतं.

याच चुकीचं धाकटं भावंड म्हणजे थेट फेडरवरच ऑटोमेशन काढणं. मग मंडळाचा अध्यक्ष येऊन म्हणतो "आवाज जरा वर घ्या ना", तुम्ही फेडर वर करता, प्ले दाबता आणि फेडर भुतानं ओढल्यासारखा परत खाली. एबलटन या सॉफ्टवेअरमध्ये तर वेगळीच मजा, तिथे हातानं फेडर हलवला की ऑटोमेशन बंद पडतं आणि परत चालू करायचं बटण वर कुठेतरी आहे हे कोणाला माहीतच नसतं. मी काय करतो, ट्रॅकवर शेवटी एक साधा गेनचा प्लगइन टाकतो (एबलटनमध्ये युटिलिटी, लॉजिकमध्ये गेन), रेघा सगळ्या त्याच्यावर, फेडर मोकळा. कंप्रेसरच्या (मोठा आवाज दाबणाऱ्या प्लगइनच्या) नंतरच टाका बरं का, आधी टाकलात तर तुम्ही जे वर केलंत ते कंप्रेसर परत दाबणार आणि तुम्ही म्हणणार ऑटोमेशन चालत नाही. रीपरवाल्यांनी एवढंही करायची गरज नाही, ट्रिम/रीड मोडमध्ये फेडर रेघेच्या वर वेगळा चालतो.

आता पॅन, म्हणजे आवाज डावीकडे, उजवीकडे की मधे ठेवायचा ते. इथे मी स्वतः तोंडावर आपटलोय म्हणून जरा लांबड लावतो. काही वर्षांपूर्वी एका मंडळाचं गाणं केलं, त्यात ध्रुवपदात गायकाला डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे असा आठ-आठ मात्रांचा झोका दिला. खोलीत, हेडफोनवर, काय वाजत होतं म्हणून सांगू! मिरवणुकीच्या दिवशी मुद्दाम रविवार कारंजावर जाऊन उभा राहिलो. गाडी आली तर साउंडवाल्यानं डावा चॅनल पुढच्या स्पीकरना आणि उजवा मागच्या स्पीकरना दिलेला. म्हणजे पुढच्या पोरांना गायक ऐकू यायचा तेव्हा मागची नुसत्या ढोलावर नाचायची, आणि मग उलटं. एक कार्यकर्ता माझ्याजवळ येऊन विचारतो, "दादा, गायक मधे मधे दम खातोय का?" मी गाडीवर चढून साउंडवाल्याला मोनो (डावा-उजवा एकत्र) करायला लावलं. गायक सगळीकडे ऐकू यायला लागला, पण आता त्याचा आवाज फुगा फुगवल्यासारखा कमी-जास्त व्हायला लागला, कारण नेहमीच्या पॅन लॉमध्ये (आवाज मधे किंवा कडेला नेताना तो किती ठेवायचा, याचा सॉफ्टवेअरचा नियम) आवाज मधे असताना आणि एकदम कडेला असताना मोनोत 3 डीबीचा फरक पडतो. कितीतरी लोक तुमचं गाणं फोनच्या एका स्पीकरवर ऐकतात, तिथेही हेच होतं.

तेव्हापासून माझा नियम, गायक, बास आणि ढोलाचा ठेका मधेच, हलायचं नाही. झोके द्यायचे असतील तर टाळ आहेत, खुळखुळे आहेत, कोरस आहे, तेही अर्ध्यापर्यंतच. आणि एक्सपोर्टच्या आधी मास्टरवर (सगळे ट्रॅक एकत्र होतात तिथे) मोनोचं बटण दाबून पूर्ण गाणं ऐकायचं, पूर्ण म्हणजे पूर्ण.

अजून एक, दोन माइकवर रेकॉर्ड केलेला ढोल-ताशा स्टिरिओ ट्रॅकवर असतो. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये त्या ट्रॅकचा पॅन हा खरं तर बॅलन्स असतो, उजवीकडे फिरवला की डावीकडचा आवाज उजवीकडे जात नाही, नुसता गायब होतो. ढोल डाव्या माइकवर असेल तर गेला ढोल. नाशिक ढोलातून ढोलच गायब केलेला एक प्रोजेक्ट माझ्याकडे आलाय, खोटं नाही सांगत.

आता ऑटोमेशन हातानं फेडर हलवून रेकॉर्ड करायचे मोड. पहिला राइट (Write). तो लावून प्ले दाबलं की जुनं ऑटोमेशन पुसत पुढे जातो, तुम्ही काही हलवा नाहीतर न हलवा. टच वापरा, हात सोडला की जुन्या रेघेवर परत येतो. लॅच सोडलेल्या जागेवरच थांबून राहतो, तो नवख्यांनी लांबच ठेवा.

व्हॉल्यूमची रेघ एकदम उभी पाडली की टक् असा आवाज येतो, पाच-दहा मिलिसेकंदांचा उतार द्या.

गायक फेड केला तरी रिव्हर्ब घुमत राहतो? रिव्हर्बला आवाज पाठवणारा सेंड प्री-फेडर, म्हणजे फेडरच्या आधीचा आहे, पोस्ट म्हणजे नंतरचा करा.

आणि एफएल स्टुडिओवाल्यांसाठी खास. शेवटी फेडआउटची ऑटोमेशन क्लिप टाकता, गाणं शून्यावर संपतं, पण सुरुवातीला कुठलीच क्लिप नसते, म्हणून परत प्ले केलं की व्हॉल्यूम शून्यावरच बसलेला. क्लिप गाण्याच्या पहिल्या बारपासून ओढा, किंवा फेडर मूळ जागेवर आणून त्यावर राइट क्लिक करून 'इनिट साँग विथ धिस पोझिशन' लावा. सातपूरच्या एका पोराचा रात्री अकराला फोन, "दादा, गाणंच वाजत नाहीये." दोन मिनिटांत सापडलं. पण तोपर्यंत त्यानं विंडोज दोनदा टाकून झालं होतं आणि नवीन साउंड कार्ड ऑर्डर करून ठेवलं होतं.