मजकुराचं वर्गीकरण शिकताय? आधी मॉडेलने काय पकडलं ते बघा

नव्याने या क्षेत्रात येणारे मला हमखास विचारतात, "थेट बर्टपासूनच सुरुवात करू का?" बर्ट म्हणजे प्रचंड मजकुरावर आधीच शिकवलेलं मोठं भाषा-मॉडेल. माझं उत्तर ठरलेलं आहे: आधी नाइव्ह बेज किंवा लॉजिस्टिक रिग्रेशन, म्हणजे शब्दांवरून वर्ग ठरवणाऱ्या साध्या पद्धती. 2018 साली आलेलं बर्ट ताकदवान आहे, वादच नाही. पण त्याने एखादा मजकूर 'क्रीडा'त का टाकला, हे नवशिक्याला उलगडत नाही. साध्या मॉडेलमध्ये प्रत्येक शब्दाला मिळालेलं वजन छापून पाहता येतं. मी सगळ्यात जास्त शिकलो ते त्या याद्या वाचून.

सरावाला 'ट्वेंटी न्यूजग्रुप्स' हा जुना संच घ्या. चर्चागटांतले सुमारे 20,000 इंग्रजी संदेश, 20 गटांत विभागलेले. सायकिट-लर्न या पायथनच्या लायब्ररीतून एका ओळीत उतरतात. शब्दांना टीएफ-आयडीएफने वजन द्या, म्हणजे शब्द त्या दस्तऐवजात किती वेळा येतो आणि एकूण किती दस्तऐवजांत येतो, यावरून. मोजक्याच दस्तऐवजांत येणारा शब्द जास्त बोलका, ही त्यातली कल्पना करेन स्पार्क जोन्स यांनी 1972 मध्ये मांडली होती. पहिल्याच फेरीत अचूकता इतकी छान येते की माणूस हुरळतो. मग प्रत्येक गटाचे वजनदार शब्द काढा. विषयाच्या शब्दांमध्ये ईमेल पत्त्यांचे तुकडे आणि संस्थांची नावं घुसलेली दिसतील. म्हणजे कोण बोलतंय यावरूनही मॉडेल गट ओळखत होतं! हेडर, सही आणि उद्धृत मजकूर काढून टाकायची सोय तिथेच दिलेली आहे. ती वापरली की आकडा चांगलाच घसरतो. विश्वास ठेवायचा तो या घसरलेल्या आकड्यावर.

मराठी मजकुरावर काम करणार असाल तर आणखी एक गंमत आहे. सायकिट-लर्नचा मूळ टोकनायझर (मजकुराचे शब्द, म्हणजे टोकन, वेगळे करणारा भाग) काना-मात्रा-वेलांटीला अक्षर मानत नाही, तिथेच शब्द तोडतो. 'मराठी'चं उरतं 'मर', 'शिक्षण'चं 'षण'. एररही येत नाही, मॉडेल बिनबोभाट शिकत राहतं. टोकनचा पॅटर्न बदला किंवा सरळ मोकळ्या जागेवर शब्द तोडा, आणि शब्दसूची एकदा डोळ्यांखालून घाला. विभक्तिप्रत्ययांमुळे 'शाळेत', 'शाळेला', 'शाळेचा' हे वेगवेगळे शब्द ठरतात, तो वेगळाच विषय. तिथे अक्षरांचे एन-ग्रॅम, म्हणजे लागोपाठच्या काही अक्षरांचे तुकडे, बऱ्यापैकी निभावून नेतात.

मॉडेल तपासायला लागणारा चाचणीचा भाग अगदी सुरुवातीलाच बाजूला काढा, व्हेक्टरायझर (मजकुराचे आकडे करणारा भाग) चालवण्याच्याही आधी. डुप्लिकेट दस्तऐवजही तेव्हाच गाळा. शंभरातले 95 एकाच वर्गाचे असतील तर काहीही न शिकता 95 टक्के अचूकता मिळते, म्हणून प्रत्येक वर्गाचा एफ-वन स्कोअर (चुकीने त्या वर्गात टाकलेले आणि त्यातून सुटलेले, दोन्ही धरणारा आकडा) वेगळा पाहा.

कन्फ्यूजन मॅट्रिक्स, म्हणजे कोणत्या वर्गाचे दस्तऐवज मॉडेलने कोणत्या वर्गात टाकले याचा तक्ता, मात्र निवांत वाचा. ट्वेंटी न्यूजग्रुप्समध्ये नास्तिकता, ख्रिस्ती धर्म आणि धर्मविषयक इतर चर्चा हे गट एकमेकांत मिसळतात, आणि ते संदेश वाचले तर आपणही अडखळतो. प्रत्यक्ष कामात असं दिसलं की मी मॉडेलला हात लावत नाही. त्या वर्गांतले काही दस्तऐवज दोघांना स्वतंत्रपणे वर्गवारीसाठी देतो. त्यांचंच जमत नसेल, तर वर्गांची व्याख्या नव्याने लिहायची किंवा दोन वर्ग एक करायचे.

एवढं झाल्यावर बर्ट जरूर चालवा, पण त्याच चाचणी संचावर. फरक एखाद्या टक्क्याचाच निघाला, तर बर्टला लागणाऱ्या जीपीयू चिपचा खर्च परवडतो का, हे काम देणाऱ्याला विचारा.