परग्रहवासीयांशी ओलिसांच्या वाटाघाटी लिहिताय? या चुका टाळा

ठाण्यात आमचा आठ-दहा जणांचा कथालेखनाचा गट आहे. पावसाळा लागला की दिवाळी अंकांसाठी लिहिलेल्या विज्ञानकथांचे खर्डे वाचायला येतात. त्यात दर वर्षी एक तरी कथा अशी असते: आपलं यान दूर कुठेतरी पोचलंय, दलातले दोन-तीन जण बलाढ्य परग्रहवासीयांच्या ताब्यात आहेत आणि कप्तान त्यांना सोडवायला बोलणी करतोय. कल्पना ऐकून सगळे सरसावून बसतात आणि चौथ्या पानावर कुणीतरी चहाचं विचारतं. मला हा प्रसंग फार प्रिय आहे. शस्त्र चालवून काही उपयोग नाही, माणसाकडे फक्त बोलणं उरलंय, अशी जागा कथेत क्वचित मिळते. ती वाया गेली की खरंच वाईट वाटतं, म्हणून ती कुठे बिघडते ते लिहिते आहे.

सर्वशक्तिमान असतील, तर ते बोलतात कशाला?

पंधरा खर्ड्यांत बारा वेळा घोटाळा इथेच असतो. लेखक परग्रहवासीयांना प्रचंड ताकद देतो. ते बोट हलवून यानाची इंजिनं बंद पाडतात, मनातलं वाचतात, ग्रह जाळतात. मग ते एका माणसाशी दोन तास घासाघीस करत बसतात. वाचक मनात म्हणतो, अहो, घ्या ना हिसकावून! तो प्रश्न एकदा मनात आला की पुढचा एकही संवाद लागत नाही.

दुरुस्तीसाठी त्यांची ताकद कमी करू नका. त्यांना असं काही हवं असू द्या, जे जबरदस्तीने मिळतच नाही. आमच्या गटातल्या एकाने केलेली दुरुस्ती अजून डोक्यात आहे. पहिल्या खर्ड्यात परग्रहवासीयांना यानातलं इंधन हवं होतं. दुसऱ्यात त्यांची मागणी एवढीच होती: परत जा आणि सांगा, की इथे कुणी नाही. यान फोडलं तर शोध घ्यायला दुसरं यान येणार, त्यामागून तिसरं. त्यांना सुरक्षित राहायचं तर जिवंत माणसांनी घरी जाऊन खोटं बोलायला हवं, आणि आयुष्यभर बोलत राहायला हवं. तीन ओलीस त्या शब्दाची हमी म्हणून मागे राहणार. आता बलाढ्य बाजूसुद्धा अडकली आणि कप्तानाच्या प्रत्येक वाक्याला किंमत आली.

ओलीस या शब्दाचा जुना अर्थही हाच आहे. तह पाळला जाईल याची हमी म्हणून दिलेला माणूस.

कप्तानाला सगळे अधिकार देऊन टाकणं

यात काय चुकतं ते समजायला ठाण्याबाहेर जायची गरज नाही. 1774 च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला मराठ्यांकडून घेतला. आज तिथे मध्यवर्ती कारागृह आहे. जानेवारी 1779 मध्ये मराठ्यांनी मुंबईकर इंग्रजांच्या फौजेला वडगावजवळ कोंडलं. शरण आलेल्या इंग्रजांनी साष्टी, म्हणजे ठाण्यासकट सगळा मुलूख, परत द्यायचं कबूल केलं आणि दोन इंग्रज मराठ्यांकडे ओलीस राहिले. कलकत्त्याहून गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जने तह धुडकावला. त्याचं म्हणणं, मुंबईच्या मंडळींना असा तह करायचा अधिकारच नव्हता. 1782 च्या सालबाईच्या तहात साष्टी इंग्रजांकडेच राहिली. वडगावला जो बोलत होता त्याच्या शब्दामागे कोण उभं आहे, हे समोरच्याला कळायला मार्ग नव्हता. तुमच्या परग्रहवासीयांपुढे नेमका हाच प्रश्न असायला हवा.

उलट बाजूने हाच धडा पोलीस शिकले. 1972 च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये ओलीस धरलेल्या इस्रायली खेळाडूंच्या हत्याकांडानंतर न्यूयॉर्क पोलिसांत हार्वे श्लॉसबर्ग आणि फ्रँक बोल्झ यांनी 1973 च्या सुमारास ओलिसांच्या वाटाघाटींची पद्धत बसवली. या कामातला एक पक्का नियम असा, की बोलणारा निर्णय घेत नाही आणि निर्णय घेणारा बोलत नाही. ‘वर विचारावं लागेल’ म्हणता आलं की वेळ मिळतो, आणि वेळ गेला की डोकी थंड होतात. कथेत कप्तान स्वतःच बोलत असेल, तर आडोसा देणारं हे वाक्य त्याच्याकडे नाही. बोलायला दुसऱ्या कुणाला तरी बसवा. यानातली डॉक्टर, नाहीतर भांडारपाल. कप्तान तिच्या मागे उभा राहून ऐकू दे, त्याला बोलता येऊ नये.

आणि ‘वर’ म्हणजे पृथ्वी असेल तर अंतर विसरू नका. संदेश प्रकाशाच्या वेगापेक्षा जलद जात नाही. चंद्रावर पोचायला सव्वा सेकंद, मंगळावर ग्रहाच्या जागेनुसार 3 ते 22 मिनिटं, आणि सूर्याला सर्वांत जवळचा तारा प्रॉक्झिमा, तिथे सव्वाचार वर्षं. उत्तर यायला तेवढाच वेळ पुन्हा. तरी खर्ड्यांत कप्तान पडद्यावर पृथ्वीवरच्या अध्यक्षांशी गप्पा मारतोच.

हे आम्ही एकदा करून पाहिलं. अर्धे जण तलावपाळीवर बसले, ते यान. अर्धे वाशीच्या सागर विहारला, ते पृथ्वी. नियम एकच, आलेला मेसेज चार मिनिटांनी उघडायचा. तिसऱ्या मेसेजनंतर दोन्हीकडे गोंधळ. उत्तराची वाट न बघता पुढचा प्रश्न जायचा. यानाने ‘त्यांची अट मान्य करू का?’ विचारलं, मग धीर सुटून ‘आम्ही नकार देतोय’ पाठवलं, आणि त्याच सुमारास पहिल्याचं उत्तर येऊन पडलं: ‘हो, करा.’ तलावपाळीवर त्या क्षणी कुणी काही बोललं नाही. तो क्षण लिहा.

भाषांतराचं यंत्र सगळं बरोबर सांगतं

माझ्या मते मराठी लेखक इथे सोन्याची खाण सोडून जातात. यंत्र कानात घातलं, परग्रहवासी शुद्ध मराठी बोलू लागले, भाषेचा प्रश्न मिटला! प्रसंगातला निम्मा ताण तिथेच संपतो.

1974 मध्ये प्वेर्तो रिकोतल्या अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीतून अंतराळात एक संदेश पाठवला गेला. त्यात 1679 ठिपके होते, कारण 23 आणि 73 या दोन मूळ संख्यांचा तो गुणाकार आहे. कुणीही हुशार जीव ते ठिपके आयतात मांडून चित्र बघू शकेल, असा हिशोब. संख्या अशा पोचवता येतील. ‘मी शब्द देते’ हे कसं पोचवणार?

आता आपल्या भाषेकडे बघा. मराठीत ‘आम्ही’ म्हणजे समोरचा सोडून आम्ही, आणि ‘आपण’ म्हणजे समोरच्यासकट आम्ही. शिवाय ‘आपण’ म्हणजे आदरार्थी तुम्हीसुद्धा. ‘कप्तान म्हणाला की आपण येणार नाही’, इथे तर आपण म्हणजे तो स्वतः. एका शब्दाची तीन टोकं. समजा परग्रहवासी यानातली जुनी रेकॉर्डिंग ऐकून मराठी शिकले आहेत. बोलणी चालू असताना डॉक्टर मागे वळून सहकाऱ्यांना म्हणते, ‘आपण इथून निघून जायला हवं.’ ते ऐकतात. त्यांच्या हिशोबी आपण म्हणजे तुम्ही. पाहुण्यांनी त्यांना त्यांच्याच घरातून निघून जायला सांगितलं. कुणीही शस्त्र उचललेलं नाही, आणि तिघांचा जीव टांगणीला लागला. ‘आम्ही’ म्हटलं असतं तर हे घडलं नसतं.

तू आणि तुम्हीचंही तसंच. आपण आईला तू म्हणतो, विठ्ठलाला तू म्हणतो आणि रस्त्यावर भांडताना समोरच्यालाही तू म्हणतो. परग्रहवासी ‘तू’ म्हणाला, तर तो जवळीक दाखवतोय की तुच्छ लेखतोय? डॉक्टरला हे ठरवून पुढचं वाक्य बोलावं लागेल. आणि क्रियापदाला लिंग हवं, तेव्हा ‘तो म्हणाला’ असं सवयीने लिहिण्याआधी थांबा. मराठीत नपुंसकलिंग हाताशी आहे. ‘ते म्हणालं’ वाचताना अंगावर काटा येतो.

‘ऑक्सिजन उरला 10 मिनिटं’

पडद्यावर आकडे उतरत जाणं आता कुणाला घाबरवत नाही. बंद जागेत आधी त्रास देतो तो साठत जाणारा कार्बन डायऑक्साइड. एप्रिल 1970 मध्ये चंद्राकडे निघालेल्या अपोलो 13 चं मुख्य यान निकामी झालं, तेव्हा तिघांनी, दोघांसाठी सुमारे दोन दिवस पुरेल अशा, चंद्रावर उतरायच्या छोट्या यानात जवळजवळ चार दिवस काढले. तिथे ऑक्सिजन पुरेसा होता, कार्बन डायऑक्साइड शोषणारे डबे संपत आले होते. मुख्य यानातले चौकोनी डबे गोल तोंडाच्या जागी बसवायला त्यांनी पुठ्ठा, प्लास्टिकच्या पिशव्या आणि चिकटपट्टी वापरली.

कार्बन डायऑक्साइड वाढला की डोकं दुखतं, झापड येते, विचार मंदावतो. म्हणजे घड्याळ थेट बोलणाऱ्याच्या तोंडात बसवता येतं. पहिल्या पानावरची डॉक्टरची लांब, रेखीव वाक्यं हळूहळू तुटू द्या. एकच प्रश्न तिने दोनदा विचारावा. अडीच तासांनी तिच्याकडून नेमका ‘आपण’ निसटावा.

ओलीस गप्प, मागणी एकदम

ओलिसांना सामानासारखं कोपऱ्यात ठेवू नका. ऑगस्ट 1973 मध्ये स्टॉकहोमच्या बँकेत सहा दिवस डांबलेल्या चौघांपैकी एकीने थेट पंतप्रधान ओलोफ पाल्मे यांच्याशी फोनवर वाद घातला. तिला पोलिसांच्या कारवाईची भीती जास्त वाटत होती. तुमच्या ओलिसांचंही काही म्हणणं असेल, आणि ते कप्तानाला आवडणारं नसेल.

मागणी पहिल्या वाक्यात पूर्ण सांगून टाकली, तर पुढे करायचं काय? डिसेंबर 1999 मध्ये कंदाहारला नेलेल्या भारतीय विमानाच्या अपहरणकर्त्यांची मागणी 36 कैदी आणि 20 कोटी डॉलर अशी होती, आणि 31 तारखेला सुटका झाली ती तीन दहशतवादी सोडल्यावर. छत्तीस आणि तीन या दोन आकड्यांच्या मधले दिवस म्हणजे वाटाघाटी. विमानाभोवती तालिबानचा वेढा असल्यामुळे भारतापुढचे पर्याय आक्रसले होते. मध्ये उभी असलेली तिसरी बाजू तुमच्या कथेत आहे का, तेही तपासा.

शेवटी यानाचा स्फोट करून सुटका करू नका. इंधनाची मागणी बदलणाऱ्या आमच्या त्या सदस्याने तिसऱ्या खर्ड्यात यान परत पाठवलं. पृथ्वीवर चौकशी समितीपुढे डॉक्टरला विचारतात, ‘तिथे कुणी होतं का?’ तिचे तीन सहकारी अजून तिथेच आहेत. ती पाण्याचा पेला उचलते, खाली ठेवते आणि म्हणते, ‘आम्हीच होतो.’