वीस सेंटिमीटरचा थर

डिप्लोमा करून नेरुळला पाण्याच्या लाइनच्या कामावर लागलो तेव्हा पाइप, जॉइंट, टेस्टिंग या सगळ्याला मी डोळ्यांत तेल घालून उभा असायचो. चर बुजवायची वेळ आली की मात्र चहाला. जेसीबीने दीड मीटरचा चर एका दमात भरला, वरून रोलर फिरवला, खडी-डांबर झालं. जूनच्या पहिल्याच मोठ्या पावसात चराच्या रेषेत रस्ता खचला आणि टँकरचं मागचं चाक त्यात रुतलं. शिव्या कोणी खाल्ल्या ते सांगायला नको.

रोलरचा दाब खोलवर पोचतच नाही. खालची माती भुसभुशीत राहते, पोकळ्यांत पाणी शिरलं की बसते. म्हणून थराथराने भरायचं. सैल मुरूम साधारण २० सेंटिमीटर, तो रॅमरने ठोकून झाला की पुढचा थर. पाइपच्या बाजूला आणि डोक्यावर ३० सेंटिमीटरपर्यंत जड मशिन नको, तिथे वाळू किंवा चाळलेली माती आणि हातातली धुम्मस.

खरी गोम पाण्यात आहे. आमचे मुकादम मामा म्हणायचे, "साहेब, पाणी सोडा, आपोआप बसतंय." वाळूत ते खपून जातं. मातकट मुरमात पाणी अडकतं आणि रॅमर मारला की जमीन नुसती थुलथुलते. मुठीत मुरूम दाबून बघा: लाडू वळला पाहिजे, तळहात ओला होता कामा नये. खाली टाकल्यावर दोन-चार तुकडे झाले तर ठीक. भुगा झाला तर कोरडा, चपटा झाला तर ओला. ही झाली हाताने करायची झटपट परीक्षा. बिलासाठी लॅबची प्रॉक्टर टेस्ट (मुरूम जास्तीत जास्त किती घट्ट बसू शकतो ते) आणि जागेवर खड्डा वाळूने भरून मोजायची घनता चाचणी लागतेच. रस्त्याच्या सबग्रेडला, म्हणजे खडीखालच्या मातीच्या थराला, लॅबमधल्या कमाल कोरड्या घनतेच्या ९७ टक्के मागतात.

नवी मुंबईत बरीच जमीन खाडीच्या भरावाची. चरातून काळा चिखल निघतो, तो परत आत ढकलायचा नाही. राडारोडाही नाही, ठेकेदार "कोणाला दिसतंय" म्हणाला तरी.

आता मी सळई घेऊन चरापाशीच उभा असतो. खालून २० सेंटिमीटरवर तिला लाल पट्टा आहे. ठोकलेल्या थरावर टेकवायची, मुरूम पट्ट्याच्या वर गेला की फावड्याने काढायला लावायचा. जेसीबीवाले तिला मास्तरांची छडी म्हणतात.