मार्किंग गेज निवडताना या चुका टाळा

मार्किंग गेज म्हणजे फळीच्या कडेला समांतर रेघ मारायचं अवजार. त्याच्या दांडीच्या टोकाजवळ रेघ मारणारी पिन, पातं किंवा धारदार चकती असते. दांडीवर एक ठोकळा सरकतो; तो हव्या अंतरावर स्क्रूने आवळायचा आणि फळीच्या कडेला टेकवून गेज पुढे न्यायचं. अशाच गेजने ड्रॉवरच्या चार फळ्यांवर डव्हटेलसाठी, म्हणजे कोपऱ्यात फळ्या एकमेकींत अडकवणाऱ्या शेपटीच्या आकाराच्या दातांच्या जोडासाठी, रेघा मारल्या, कापलं, जोडून पाहिलं. दोन कोपरे चपखल बसले आणि दोन कोपऱ्यांत फट राहिली. करवत तपासली, पटाशी तपासली, गुण्या लावून पाहिला. सगळं ठीक होतं. शेवटी फळ्या एकीला एक लावून धरल्या तेव्हा उलगडा झाला. नंतरच्या दोन फळ्यांवरची रेघ अर्धा मिलिमीटर आत सरकली होती. स्क्रू मी घट्ट आवळला होता, तरी काम चालू असतानाच ठोकळा घसरला आणि मला पत्ताही लागला नाही.

तेव्हापासून कुणी 'कोणतं गेज घेऊ?' असं विचारलं की मी आधी पकडीबद्दल बोलतो. गेजचं काम एकच आहे: एकदा लावलेलं अंतर शेवटच्या फळीपर्यंत जसंच्या तसं धरून ठेवायचं. ते जमत नसेल तर शिसवाचा ठोकळा आणि त्याच्या तोंडावरच्या पितळी पट्ट्या काही कामाच्या नाहीत.

पकड न तपासता गेज घेणं

गेज हातात घ्या, स्क्रू सैल करा आणि ठोकळा दांडीवर मागेपुढे सरकवून बघा. तो अलगद सरकला पाहिजे, पण डावी-उजवीकडे डुलता कामा नये. डुलणारा ठोकळा स्क्रू आवळताना एका अंगाला कलतो आणि मग दांडीशी काटकोन राहत नाही. आता स्क्रू नेहमीच्या जोराने आवळा, ठोकळा मुठीत धरा आणि अंगठ्याने दांडीचं टोक दाबा. केसभरही हललं तर ते गेज परत ठेवा.

माझ्या गेजमध्ये दोष स्क्रूच्या टोकात होता. ते लोखंडी टोक थेट लाकडी दांडीवर टेकत होतं. दर वेळी आवळताना दांडीत बारीक खळगा पडायचा. नवं अंतर जुन्या खळग्याच्या जवळपास असलं, की टोक खळग्याच्या काठावर बसायचं आणि दोन-चार रेघांनंतर हळूच आत घसरायचं. बोटाला सगळं घट्ट लागायचं, पण अंतर बदललेलं असायचं. उपाय सोपा निघाला. स्क्रूच्या भोकात, टोक आणि दांडी यांच्यामध्ये पातळ पितळी पत्र्याची छोटी चकती टाकली. त्यामुळे दाब पसरतो आणि नवे खळगे पडत नाहीत. चांगल्या गेजमध्ये असा तुकडा आधीच बसवलेला असतो, म्हणून घेताना स्क्रू पूर्ण काढून आत डोकवा. काही गेजमध्ये स्क्रूऐवजी पाचर असते. ती नीट तासलेली असेल तर तिची पकड उत्तम असते.

रेघ कोणत्या दिशेने जाणार, याचा विचार न करणं

पिनचं गेज लाकडाच्या तंतूंच्या दिशेने चांगलं चालतं. तेच तंतूंना आडवं नेलं की पिन लाकूड कापत नाही, फाडते. रेघेच्या दोन्ही बाजूंना कुसळं उभी राहतात, आणि अशा रेघेत पटाशी टेकवायची तर नेमकी कुठे टेकवायची हेच कळत नाही. कुसूचा (खाचेत बसणाऱ्या लाकडी जिभेचा) खांदा, डव्हटेलची रेघ ही आडवी कामं आहेत. त्यांना पात्याचं किंवा चकतीचं गेज लागतं. प्लायवूडवर तर पिन लावूच नका, वरचा पातळ थर उचकटतो.

पिनचं गेज आधीच घरात असेल तर फेकू नका. बहुतेक पिना खिळ्यासारख्या गोल टोकाच्या येतात. बारीक कानशीने पिनच्या दोन बाजू घासून तिला चाकूच्या टोकासारखा आकार द्या. पुढची धार ठोकळ्यापासून किंचित बाहेर वळलेली ठेवा, म्हणजे गेज पुढे ढकलताना पिन बाहेर जायला बघते आणि ठोकळा आपोआप फळीच्या कडेला ओढला जातो. पिन दोन-तीन मिलिमीटरच बाहेर असू द्या. एवढं केलं की तेच गेज आडव्या रेघेलाही बऱ्यापैकी साथ देतं.

चकती फिरते असं समजणं

चकतीचं गेज पाहिलं की ती चाकासारखी फिरत रेघ मारत असेल असं वाटतं. म्हणून काही जण तिचा स्क्रू मुद्दाम सैल ठेवतात आणि मग रेघ डगमगते अशी तक्रार करतात. चकती घट्टच बसलेली असायला हवी. ती गोल असण्याचा फायदा असा, की एका जागी धार बोथट झाली की स्क्रू सैल करून चकती थोडी फिरवायची आणि पुन्हा आवळायची. ताजी धार मिळते. सगळीच बोथट झाली तर काढून सपाट बाजू धारेच्या दगडावर घासायची.

याहून महत्त्वाची गोष्ट धारेच्या उताराची आहे. धार एकाच बाजूने उतरती असते. सपाट बाजूकडे रेघेची भिंत सरळ आणि स्वच्छ येते, उताराच्या बाजूचं लाकूड दबतं. म्हणून उतार नेहमी टाकाऊ भागाकडे हवा. बहुतेक चकतीच्या गेजमध्ये उतार ठोकळ्याच्या बाजूला असतो. फळीच्या टोकाला ठोकळा टेकवून डव्हटेलची रेघ मारताना टाकाऊ लाकूड ठोकळ्याच्या बाजूलाच असतं, त्यामुळे हे अगदी योग्य बसतं. पण फळी रंधून एका जाडीला आणायची असेल तर ठोकळा रंधलेल्या तोंडाला टेकतो आणि टाकाऊ भाग रेघेपलीकडे राहतो. तिथे सपाट बाजू ठोकळ्याकडे असलेली बरी. पात्याच्या गेजमध्ये पातं काढून उलटं बसवता येतं, आणि म्हणूनच एकच घ्यायचं असेल तर माझी पसंती पात्याच्या गेजला आहे.

एकातच सगळं हवं असा हट्ट

एका बाजूला एक पिन आणि दुसऱ्या बाजूला कुसूच्या खाचेच्या दोन्ही कडा एकदम आखायला दोन पिना, असं जोडगेज नव्या माणसाला हमखास आवडतं. अडचण कामाच्या मध्यावर येते. खाचेचं अंतर लावलेलं असताना दुसरी एखादी रेघ मारायची वेळ येते आणि लावलेलं अंतर मोडावं लागतं. ते पुन्हा तंतोतंत लावणं कठीण असतं. दोन साधी गेज घ्या आणि काम संपेपर्यंत एकाला हातही लावू नका.

दोन पिनांमधलं अंतर पट्टीवर मोजून लावू नका, पटाशीच्या धारेवरच लावा. सहा मिलिमीटरची म्हणून घेतलेली पटाशी सहाची असेलच असं नाही. दांडीवरच्या आकड्यांवरही विसंबू नका. पिन घासली की ते चुकतात. आणि बारीक हालचालीसाठी वेगळ्या स्क्रूचे पैसे मोजायची गरज नाही. ठोकळा अर्धवट आवळून दांडीचं टोक टेबलावर हलकेच ठोका, हवं तेवढं सरकतं.

घेतल्यावरही रेघ बिघडत असेल तर

रेघ तंतूंच्या मागे वाकडी पळत असेल तर तुम्ही पहिल्याच फेरीत जोर लावताय. गेज पुढे कलतं धरा, पिन मागून ओढत येऊ द्या आणि पहिली फेरी जेमतेम दिसेल इतकी हलकी मारा. दुसरी आणि तिसरी त्याच वाटेने आपोआप जातात. लक्ष पिनकडे नको, ठोकळा कडेला दाबून धरण्याकडे हवं. तरीही रेघ डुलत असेल तर ठोकळ्याच्या तोंडावर सरळ पट्टी ठेवून बघा. पितळी पट्ट्या वर आलेल्या असतील तर ठोकळा त्यांच्यावरच डुलतो. सपाट काचेवर सँडपेपर ठेवून तोंड घासून घ्या.

दमट हवेत दांडी फुगून अडकायला लागली तर लगेच तासू नका. आधी मेण चोळून बघा. घाईने तासलेली दांडी हवा कोरडी झाली की भोकात खुळखुळते.